कापडी माऊसपॅड घेताना नेमकं काय बघायचं?

माऊस पाच हजारांचा, मॉनिटर १४४ हर्ट्झचा, खुर्ची तर विचारूच नका. आणि या सगळ्याच्या मधोमध कॉम्प्युटर घेताना दुकानदाराने फुकट दिलेलं, कडा उसवलेलं एक पॅड. गेम खेळणाऱ्या बऱ्याच घरांत हे चित्र दिसतं. पॅड ही काय बघून घ्यायची वस्तू आहे का, असा आपला एकूण समज. उलट टोकाची मंडळीही आहेत. ती इंटरनेटवर चार रात्री घालवून जपानहून पॅड मागवतात आणि पावसाळा लागला की ‘हे पण स्लो झालं’ म्हणून कपाळाला हात लावतात. दोघांनाही उपयोग व्हावा म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच एक शंका निकालात काढू. पॅड लागतंच का? पूर्वी माऊसच्या पोटात रबरी गोळी असायची. ती गुळगुळीत टेबलावर घसरायची, म्हणून तिला पकड देणारा पृष्ठभाग लागायचा. १९९९ साली मायक्रोसॉफ्टने इंटेलिआय सेन्सरचा माऊस आणला. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला १,५०० फोटो काढायचा आणि एकापुढचा एक ताडून आपण किती सरकलो ते ठरवायचा. आजचे सेन्सर त्याच तत्त्वावर, पण कित्येक पट वेगाने चालतात. काच आणि आरशासारखे चकचकीत भाग सोडले तर ते साध्या सनमायकावरही काम करतात. म्हणजे सेन्सरसाठी पॅडची गरज जवळजवळ संपली. राहिली ती हाताची गरज. माऊस हवा तिथे सुटला पाहिजे आणि हवा तिथे थांबला पाहिजे. सनमायकावर तो सुटतो छान, थांबत नाही.

सुटणं आणि थांबणं

शाळेत घर्षणाचे दोन प्रकार शिकलो होतो, स्थितिक आणि गतिक. घरातलं लाकडी कपाट सरकवताना पहिला धक्का जोराचा लागतो, एकदा हललं की मग तेवढा जोर लागत नाही. माऊसचंही तसंच. थांबलेला माऊस हलवायला लागणारं बळ म्हणजे स्थितिक घर्षण, आणि हलता ठेवायला लागणारं बळ म्हणजे गतिक घर्षण.

गेममध्ये या दोन्हींची कामं वेगळी आहेत. व्हॅलोरंटसारख्या गोळीबाराच्या गेममध्ये समोरच्याचं डोकं कोपऱ्यातून दिसलं आणि निशाणा चार पिक्सेल डावीकडे न्यायचा आहे, तर माऊस एखादा मिलिमीटरही हलवायचा नसतो. तेव्हा स्थितिक घर्षण जास्त असेल तर माऊस आधी अडतो आणि मग एकदम उडी मारतो. चार पिक्सेल हवे होते, नऊ मिळतात. उलट मागून कोणी गोळ्या घातल्या आणि गर्रकन वळायचं आहे, तर हात वीसपंचवीस सेंटिमीटर सपकन जातो. तिथे गतिक घर्षण कमी असलेलं बरं. पण वळून झाल्यावर माऊस जागेवर रोखायचाही असतो, आणि तिथे थोडं घर्षण कामाला येतं.

चांगलं कापडी पॅड म्हणजे या दोन घर्षणांमधलं अंतर कमी असलेलं पॅड. दोन्ही जास्त असली तरी चालेल, दोन्ही कमी असली तरी चालेल. हाताला सवय होते. पहिला झटका आणि नंतरची सरक यांत फार फरक असेल, तर मात्र सवय होत नाही, कारण दर वेळी माऊस कुठून सुटेल याचा नेम नसतो.

खोक्यावर ‘स्पीड’ नाहीतर ‘कंट्रोल’ असं छापलेलं असतं. त्याला फार भुलू नका. सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेलं असं काही मोजमाप नाही. एकीचं ‘स्पीड’ दुसरीच्या ‘कंट्रोल’पेक्षा हळू निघू शकतं. एकाच कंपनीच्या दोन पॅडांची तुलना करायला ते शब्द ठीक, एवढंच.

ढोबळ अंदाज हवा असेल तर असा. स्टीलसीरीज क्यूसीके, झोवी जी-एसआर, लॉजिटेक जी६४० ही मंडळी थांबण्याच्या बाजूला झुकलेली. जपानच्या आर्टिसनचं हिएन सरकण्याच्या बाजूला, आणि स्पर्शाला बऱ्यापैकी खरखरीत. त्याच कंपनीचं झिरो मधोमध. कॉर्ड्युरासारख्या जाड नायलॉनच्या कापडाची पॅडं आणखी जलद. सगळ्यात टोकाला काच. गंमत म्हणजे स्टीलसीरीज ही डॅनिश कंपनी २००१ मध्ये सुरू झाली ती काचेच्या पॅडने, आणि नाव कमावलं ते साध्या काळ्या कापडाने. काच झिजत नाही, धुवायला सोपी, दमट हवेत बदलत नाही. पण माऊसच्या खालचे टेफ्लॉनचे पाय ती लवकर खाते आणि पौषातल्या पहाटे तिच्यावर मनगट टेकवायला छाती लागते. काच इथेच सोडून देतो.

कापड जवळून बघा

मोबाइलचा कॅमेरा मॅक्रोवर घ्या, टॉर्च बाजूने तिरपा धरा आणि आपल्या पॅडचा फोटो काढा. लांबून सपाट काळं दिसणारं कापड जवळून चक्क रस्त्यासारखं खडबडीत दिसेल. इचलकरंजी किंवा भिवंडीच्या यंत्रमागावर निघतं तसं उभ्या-आडव्या धाग्यांचं विणलेलं कापड असेल तर चौकटी दिसतील. होजिअरीसारखं फासे घालून केलेलं असेल तर एका दिशेला जाणाऱ्या साखळ्या दिसतील. दोन्ही प्रकारची पॅडं बाजारात आहेत आणि दोन्हींत चांगली-वाईट आहेत.

साखळीच्या विणीत एक खोड असते. साखळीच्या दिशेने माऊस सरसर जातो, तिला आडवा जाताना थोडा अडतो. म्हणजे डावीकडून उजवीकडे एक वेग आणि वरून खाली दुसरा. काहींना हा फरक कळतसुद्धा नाही. काहींना बंदुकीचा झटका सावरायला तो हवासाच वाटतो, कारण वर-खाली थोडी अडवणूक झाली की निशाणा स्थिर राहतो. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. पॅड एकाच जागी झिजू नये म्हणून अधूनमधून फिरवावं, पण ते अर्धा फेरा, म्हणजे वरची कड खाली. पाव फेरा दिला तर वीण आडवी होईल आणि दोन दिवस आपलाच हात आपल्याला परका वाटेल.

विणीचे उंचवटे जितके मोठे, तितकं माऊसचा पाय टेकायला कमी जागा, आणि तितका तो जलद. खरखरीत पॅड जलद असतं ते म्हणून. पण तीच खरखर तुमच्या मनगटाच्या करंगळीकडच्या कातडीला तासन्‌तास घासते. हाताखालून दोनदा फिरवलं तर काही वाटणार नाही. चार तासांच्या सामन्यानंतर लाल चट्टा दिसला की कळतं. टिकाऊपणाच्या गप्पा सगळे करतात, कातडीच्या कोणी करत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो: जलद पॅड घ्यायचंच असेल तर बाही घालून खेळायची तयारी ठेवा.

चित्रांबद्दल थोडक्यात. पॉलिस्टरवर उष्णतेने शाई मुरवून छापलेलं चित्र धाग्याच्या आत जातं, हाताला लागत नाही आणि वेगही फारसा बदलत नाही. वरून थापल्यासारखा छापलेला लोगो मात्र बोटाला जाणवतो, माऊसलाही जाणवतो. असा लोगो कोपऱ्यात असेल तर चालेल, मधे नको. ॲनिमेतल्या नायिकेचं चित्र हवं असेल तर जरूर घ्या, फक्त बोट फिरवून घ्या.

सादळलेलं पॅड

आता मुख्य मुद्दा. पॅडांबद्दलचं बहुतेक लिखाण कोरड्या, थंड देशांत बसलेल्या माणसांचं असतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज असते. तिथे बिस्किटाचा पुडा अर्ध्या तासात मऊ पडतो, मग कापडाने काय घोडं मारलंय? मे महिन्यात लोण्यासारखं चालणारं पॅड आषाढात चिखलासारखं होतं, ही तक्रार खरीच आहे. पण तिचं कारण आपण समजतो ते नाही.

बहुतेक पॅडांचं कापड पॉलिस्टरचं असतं, आणि पॉलिस्टर पाणी पितच नाही म्हटलं तरी चालेल. प्रमाणित हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेला, सुती धागा आपल्या वजनाच्या आठेक टक्के पाणी धरतो, नायलॉन चारेक टक्के, आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. माऊसच्या पायांचं टेफ्लॉन तर पाण्याला जवळच येऊ देत नाही. मग चिकटतं काय?

दोन गोष्टी चिकटतात. पहिली म्हणजे धाग्यांच्या मधल्या फटींत साचलेला माल: घाम, घामातलं मीठ, कातडीचं तेल, धूळ, आणि खेळता खेळता खाल्लेल्या वेफर्सचा चुरा. मीठ दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, हे पावसाळ्यात मीठदाणीकडे बघून कुणालाही पटेल. धागा कोरडाच असतो, पण त्याच्याभोवतीचा हा लेप ओला होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमचा हात. ओलसर कातडीचं घर्षण कोरड्या कातडीपेक्षा बरंच जास्त असतं. कमी सेन्सिटिव्हिटीवर, म्हणजे थोडं वळायलाही हात लांब न्यावा लागेल अशा सेटिंगवर, खेळणाऱ्याचं सगळं कोपरापासून मनगटापर्यंतचं वजन पॅडवर टेकलेलं असतं. माऊस सत्तर-ऐंशी ग्रॅमचा आणि हात त्याच्या कितीतरी पट जड. तेव्हा ‘पॅड स्लो झालं’ असं आपण म्हणतो, त्यात पॅडचा वाटा किती आणि हाताचा किती, हे आधी बघायला हवं.

बघायची रीत सोपी आहे. हात पॅडवरून उचला, माऊस फक्त बोटांच्या चिमटीत धरा आणि पॅडभर फिरवा. मग हात नेहमीसारखा टेकवून तेच करा. पहिल्या वेळी माऊस सुरळीत सरकला आणि दुसऱ्या वेळी अडला, तर पॅड निर्दोष आहे. लांब बाहीचा पातळ टीशर्ट घाला, किंवा क्रिकेटवाले घालतात तसली ताणणारी बाही दोनशे रुपयांत आणा. करंगळी आणि तळव्याची कड तरीही टेकते, त्यासाठी मधेच हात पुसायला एक कोरडा रुमाल जवळ असू द्या. काही जण हाताला टाल्कम पावडर लावतात. तसं करू नका. पावडर विणीत जाऊन बसते आणि घामाबरोबर तिचा लगदा होतो.

दोन्ही वेळा अडलं, तर पॅड मळलंय. धुवा. ते कसं, हे पुढे येतंय.

खोलीचाही विचार करा. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, त्यामुळे एसीच्या खोलीत मुंबईचा जुलैही पॅडला जाणवत नाही. नागपूर-अकोल्याकडे उलटा प्रकार होतो. बाहेर मे महिना कोरडा ठणठणीत, आणि आत खिडकीला लावलेला कूलर वाळ्याच्या ताट्यांतून ओला वारा थेट टेबलावर सोडतोय. विदर्भातल्या पॅडचा पावसाळा असा भर उन्हाळ्यात येतो. टेबल कूलरच्या झोतातून बाजूला घेतलं तरी बराच फरक पडतो.

काही पॅडांवर पाणी न मुरणारा लेप दिलेला असतो. चहा सांडला तर थेंब मोत्यासारखे वर राहतात, जाहिरातीत ते छानच दिसतं. लेप नवा आहे तोवर उपयोगी आहेच. पण वापराने आणि धुण्याने तो जातो, आणि सगळ्यात आधी जातो तो मधल्या, रोज घासल्या जाणाऱ्या जागेवरून. मग मधे एक वेग, कडेला दुसरा. जिथे घाम खूप येतो तिथे मला तरी बिनलेपाचं, मोकळ्या विणीचं, वारंवार धुता येणारं पॅड जास्त भरवशाचं वाटतं.

खालचं रबर, म्हणजे निम्मं पॅड

दुकानात लोक वरचं कापड चोळून बघतात आणि पॅड उलटून बघत नाहीत. टिकाऊपणाची निम्मी गोष्ट खालच्या बाजूला असते.

अंगठ्याने पॅड जोरात दाबा आणि सोडा. खड्डा लगेच भरून आला पाहिजे. हळूहळू भरत असेल, किंवा ठसा राहत असेल, तर तो फोम सहा महिन्यांत मनगटाखाली कायमचा बसेल. मग मधला भाग खोलगट, आणि तिथून बाहेर जाताना माऊसला चढ. नैसर्गिक रबराचा दाट पाया जास्त काळ उभारी धरतो. तो जडही असतो. दोन सारख्या आकाराची पॅडं हातात घेतली तर जड निघेल ते बहुतेक वेळा बरं. आर्टिसनसारख्या महाग पॅडांत एकाच कापडाला मऊ, अतिमऊ आणि मध्यम असे वेगवेगळे पाये मिळतात. मऊ पायावर माऊस दाबला की तो किंचित रुततो आणि थांबतो, म्हणजे ब्रेक तुमच्या बोटांत येतो. टणक पायावर दाबून फरक पडत नाही, पण सरक एकसारखी राहते. ताण आला की माऊस आवळून धरायची सवय असेल तर टणक घ्या. मऊ पायावर अशा माणसाचा निशाणा नेमका शेवटच्या फेरीत अडखळतो.

कोपऱ्यात नखाने कापड आणि रबर यांच्यामधे हलकेच उचकून बघा. दुकानदार बघत नसेल तेव्हा. कापड रबराला नीट चिकटलेलं नसेल तर पहिल्या उन्हाळ्यातच त्याला फुगे येतात, आणि फुगलेलं पॅड कशानेही सरळ होत नाही.

नव्या पॅडला रबराचा उग्र वास येतो. दोन-चार दिवस गॅलरीत, सावलीत, हवेशीर ठेवलं की बराचसा जातो. उन्हात टाकू नका, उन्हाने रबर कडक होऊन तडकतं. पॉलिश केलेल्या सागवानी टेबलावर रबर महिनोन्‌महिने पडून राहिलं तर त्याचा डाग पॉलिशमध्ये उतरू शकतो. आजोबांचं लिहायचं टेबल गेमिंगसाठी वापरत असाल तर खाली एखादी पातळ चादर नाहीतर जाड कागद घालावा. पॅड सरकेल अशी भीती वाटली तरी कडा चिकटपट्टीने धरता येतात. सनमायकावर हा प्रश्न नाही. तिथे पॅड सरकायला लागलं तर दोष बहुधा धुळीचा असतो. टेबल आणि पॅडचं पोट दोन्ही ओल्या फडक्याने पुसा, पकड परत येते.

किती मोठं, किती जाड

आकार आवडीने ठरवायचा नसतो, फूटपट्टीने ठरवायचा असतो. गेममध्ये भिंतीवरच्या एका खुणेकडे बघत उभे राहा, माऊस एका दिशेने सरकवत बरोबर पाठीमागे वळा, आणि हात किती सेंटिमीटर गेला ते मोजा. व्हॅलोरंटमध्ये ८०० डीपीआय (एक इंच सरकताना माऊस मोजतो ती पावलं) आणि ०.३ सेन्सिटिव्हिटी असेल तर साधारण २७ सेंटिमीटर येईल. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ८०० आणि १ ठेवलं तर २६. सेन्सिटिव्हिटी दुप्पट केली की अंतर निम्मं.

माऊस पॅडच्या मधे उभा असतो हे लक्षात घ्या, म्हणजे एका बाजूला तुम्हाला निम्मंच पॅड मिळतं. लॉजिटेक जी२४० हे ३४ सेंटिमीटर रुंद आहे. वरच्या हिशेबाने पाठीमागे वळताना माऊस मधेच उचलून परत ठेवावा लागणार. ४५ ते ४९ सेंटिमीटर रुंदी आणि ४० उंची हा आकार शूटर, म्हणजे गोळीबाराचे, गेम खेळणाऱ्यांत रुळला आहे तो यामुळे; २७ सेंटिमीटरला त्याचा निम्मा भागही जरा अपुराच, पण फार नाही. वरून रणांगण बघत खेळायचे डोटासारखे खेळ, किंवा १६०० डीपीआयवर मनगटानेच खेळणारे, यांना छोटं पुरतं. उगीच सतरंजी घ्यायला नको.

सतरंजी म्हणजे ९० बाय ४० चं, कीबोर्डसकट सगळ्याखाली पसरणारं. त्याचा खरा फायदा खेळापेक्षा आरामाचा आहे: कोपराखाली टेबलाची गार, कडक कड येत नाही, हात एकाच पातळीवर राहतो. तोटा धुताना कळतो. एवढं ओलं रबर उचलणं, निथळणं आणि वाळवणं हे वन-बीएचकेमध्ये घरच्यांच्या सहकार्याशिवाय होत नाही. शिवाय आपल्याकडची अभ्यासाची टेबलं अनेकदा कमी खोलीची असतात आणि मॉनिटरचा पाय बरीच जागा खातो. आधी टेबल मोजा. कीबोर्डच्या सरकत्या ट्रेवर खेळत असाल तर ४० उंचीचं पॅड तिथे मावेल का हेही बघा. पॅड कडेवरून खाली लोंबकळलं तर मनगट तिथेच वाकतं.

जाडी २ मिलिमीटरपासून ६ पर्यंत मिळते. टेबल खडबडीत, जोडाचं किंवा जुनं असेल तर ४ आणि पुढे. स्टीलसीरीजचं क्यूसीके हेवी ६ चं आहे, ते वाईट टेबलाचे सगळे दोष पोटात घालतं. टेबल गुळगुळीत असेल तर ३ पुरे. जाड पॅड छोटं असेल तर त्याची कड मनगटाला पायरीसारखी लागते. म्हणून एक तर जाड आणि मोठं घ्या, नाहीतर छोटं आणि पातळ. आणि ते मनगटाखाली जेलचा उंचवटा असलेलं पॅड? ऑफिसात एक्सेल भरायला ठीक असेल, गेमसाठी नको. उंचवट्यावर मनगट अडकून पडतं, हात फिरत नाही, आणि दाब नेमका मनगटाच्या मध्यावर येतो. हाताचा मोठा मज्जातंतू तिथूनच जातो.

कडेची शिलाई

बिनशिवलेली कड आधी सपाट, सुंदर असते. मग घाम आणि घासणं यांनी धागे सुटायला लागतात. शिवलेली कड टिकते. पण शिलाईचा दोरा कापडाच्या वर उभा राहिला असेल तर हाताला तो कानशीसारखा लागतो, आणि ९० टक्के स्वस्त पॅडांत तो तसाच असतो असं म्हटलं तर फार चुकणार नाही. घेताना डोळे मिटून मनगटाच्या आतल्या बाजूचा नाजूक भाग कडेवरून ओढा. कड लागली की पॅड परत ठेवा. चांगल्या पॅडात शिलाई कापडाच्या पातळीच्या खाली दाबलेली असते. महाग आर्टिसनची शिलाई कापडाच्याच रंगाची आणि इतकी बसकी असते की ती शोधावी लागते. पैसे कुठे गेले ते तिथे दिसतं.

धुणं

कोमट पाणी, भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब, मऊ स्पंज. गोल गोल रगडू नका, विणीच्या दिशेने हात फिरवा. पाणी काळं-तपकिरी निघेल तेव्हा घाबरू नका, तो सगळा तुमचाच ऐवज आहे. खरं काम पुढचं: साबण पूर्ण निघेपर्यंत धुणं. साबणाचा अंश राहिला तर वाळल्यावर पॅड आधीपेक्षा चिकट लागतं आणि दोष पॅडवर येतो. कपड्यांची पावडर त्यासाठीच नको, ती विणीत अडकून राहते.

पिळायचं नाही. वॉशिंग मशीन नाही, इस्त्री नाही, हेअर ड्रायर नाही. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबा, पाणी टॉवेलात जाईल. मग पंख्याखाली आडवं ठेवा, मधे एकदा उलटं करा. वरचं कापड दोन तासांत कोरडं लागतं, पण पायाच्या फोममध्ये पाणी असतं. पावसाळ्यात दोन दिवस द्या. अर्धवट ओलं पॅड टेबलावर टाकलं तर खाली कोंदट वास धरतो आणि पुढे बुरशी येते. पावसाळ्यात पॅड धुवायचा मुहूर्त सामन्याच्या आदल्या रात्री काढू नये, एवढं सांगून ठेवतो.

रोजच्यासाठी पिळलेल्या ओल्या फडक्याचा एक हात पुरतो. त्याबरोबर माऊस उलटा करून पायांभोवती जमलेला काळा मळ टूथपिकने काढा. पायाची कड झिजून धारदार झाली असेल तर ती कापडाचे धागे उचकटते, आणि कापडावर स्वेटरसारखे बारीक गोळे धरतात. पॅडचं आयुष्य पुष्कळदा माऊसच्या पायांवर असतं. नवे टेफ्लॉन पाय नव्या पॅडपेक्षा खूप स्वस्त पडतात.

कितीचं घ्यावं आणि कधी टाकावं

पॅड ही झिजणारी वस्तू आहे, चपलेसारखा तिचाही खर्च धरून चालावं. पहिलंच घेत असाल तर जी६४० किंवा क्यूसीकेच्या जातीचं, हजार-दोन हजारांच्या आतलं साधं काळं पॅड घ्या आणि वर्षभर खेळा. आपला हात सुटण्याला तरसतो की थांबण्याला, हे त्यातून कळेल. मग हवं तर महागड्याकडे जा. आयात केलेल्या पॅडाला कित्येक हजार मोजून तोवर उपयोग नाही. तुम्हाला काय हवंय हेच ठरलेलं नसतं. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात नामांकित लोगोची निम्म्या किमतीतली पॅडं पुढे केली जातात. लोगो सोडून द्या, अंगठा दाबा, कोपरा उचका, कड मनगटावर ओढा. या तिन्हींत उतरलं तर नाव कुणाचंही असो, पैसे वसूल.

बदलायची वेळ ओळखायला डोळे मिटून माऊस एका कोपऱ्यातून मधे आणा आणि पुढे दुसऱ्या कोपऱ्यात न्या. मधे आल्यावर तो अडला किंवा सटकला, तर ती जागा झिजली. पॅड तिरपं उजेडात धरलं की तिथे चकाकणारा ठिपका दिसेल. आधी धुऊन बघा. धुऊन, वाळवून, नवे पाय लावूनही तोच फरक राहिला तर पॅडचं काम झालं. टाकून मात्र देऊ नका: कात्रीने लांब पट्टी कापून कीबोर्डखाली घाला, तो सरकायचा थांबतो, आणि मेकॅनिकल बटणांचा रात्रीचा खडखडाटही शेजारच्या खोलीत जरा कमी जातो.